धिंगरीचं तयार किट: बॅग भरवशाची, सोबतचं पत्रक कच्चं

घरी अळिंबी उगवण्याचं तयार किट उघडलं की चार वस्तू निघतात: पांढऱ्या कवकजालाने भरलेली दीड-दोन किलोची बॅग, तिच्याभोवतीचं पुठ्ठ्याचं खोकं, पाणी फवारायची बाटली आणि घडी घातलेलं माहितीपत्रक. बॅग बहुतेक वेळा चांगली असते, बाटली चालून जाते आणि खोकं निव्वळ शोभेचं असतं. पत्रकाचं मात्र अवघड आहे. ते बहुधा असं लिहिलेलं असतं की जणू आत कुंडीतलं रोप आहे. उजेडात ठेवा, रोज पाणी मारा, वाट पाहा. किट वाया जातात ती मुख्यतः याच समजुतीमुळे. बॅगेत ऑक्सिजन घेणारा आणि कार्बन डायऑक्साइड व उष्णता सोडणारा जीव आहे. त्याला उन्हाची गरज नाही. गरज आहे ती ताज्या आणि दमट हवेची, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमवणं हीच या किटची खरी परीक्षा.

हे परीक्षण मुख्यतः धिंगरीच्या, म्हणजे ऑयस्टरच्या, भुसा भरलेल्या तयार किटचं आहे. बटन, शिटाके आणि 'काड तुमचा, बियाणं आमचं' या प्रकारच्या (पेंढा स्वतः भरायच्या) किटबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

बॅगेत काय असतं

लाकडाचा भुसा, त्यात नत्रासाठी कोंडा, आणि एकूण वजनाच्या साठ ते पासष्ट टक्के पाणी. हे मिश्रण पॉलिप्रॉपिलीनच्या बॅगेत भरून दाबाखाली १२१ अंशांवर निर्जंतुक करतात, थंड झाल्यावर त्यात स्पॉन, म्हणजे धान्यावर वाढवलेलं जिवंत कवक, मिसळतात आणि दोन ते चार आठवडे ठेवून देतात. बॅगेच्या वरच्या भागात पांढरा चौकोन चिकटवलेला दिसतो तो फिल्टर. आतली हवा त्यातून बदलते, पण बाहेरच्या बुरशीचे बीजाणू आत येत नाहीत. काही पत्रकं हा चौकोन कापायला सांगतात. तसं करू नका. ब्लॉकच्या, म्हणजे बॅगेतल्या भुशाच्या घट्ट गठ्ठ्याच्या, दृष्टीने ती जागा बिनकामाची असते, आणि कापल्यास वरच्या मोकळ्या पोकळीत हिरव्या बुरशीला आयतं दार मिळतं.

या आठवड्यांत काही मायक्रोमीटर जाडीचे कवकतंतू भुशात पसरतात. ते अन्न गिळत नाहीत. विकरं बाहेर सोडून लाकूड जागच्या जागी पचवतात आणि विरघळलेलं अन्न शोषून घेतात. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन मोडणं फार थोड्या जीवांना जमतं. धिंगरी त्यांपैकी एक. लॅकेज आणि पेरॉक्सिडेज या विकरांनी ती लिग्निन तोडते, म्हणून तिने खाल्लेलं लाकूड फिकट, तंतुमय आणि मऊ होत जातं. त्याला पांढरी कुज म्हणतात. ब्लॉक विटेसारखा घट्ट होतो तो याच तंतूंच्या विणीमुळे, दाबून भरल्यामुळे नव्हे.

पत्रकात हमखास येणारं वाक्य: 'मायसेलियम म्हणजे अळिंबीची मुळं.' हे उलटं आहे. मायसेलियम, म्हणजे भुशात पसरलेलं हे कवकजाल, हाच पूर्ण जीव, आणि छत्री हा त्याचा बीजाणू उधळण्यापुरता तात्पुरता अवयव. 'हरितद्रव्य नसलेली वनस्पती' हे वर्णनही अजून छापलं जातं. जीवशास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी १९६९ साली पाच सृष्टींची मांडणी केली तेव्हाच कवकांना स्वतंत्र सृष्टी मिळाली होती. त्यांच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज नसून कायटिन असतं, म्हणजे कीटकांच्या कवचात असतं तेच, आणि वंशावळीत ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. शाळेत वापरण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या किटमध्ये निदान एवढं तरी बरोबर असायला हवं.

स्पॉनला सगळे 'बियाणं' म्हणतात आणि व्यवहारात ते ठीकच आहे. पण ते बीज नाही. तो एका निवडलेल्या वाणाचा जिवंत तुकडा असतो, आणि त्याच्या प्रत्येक पेशीत दोन वेगवेगळ्या बीजाणूंकडून आलेली दोन केंद्रकं शेजारी-शेजारी राहत असतात. म्हणून किटमधल्या छत्रीचे बीजाणू जमवून पुन्हा तोच वाण मिळत नाही. बीजाणूंतून नवी जुळणी होते, आणि ती कशी निघेल हे सांगता येत नाही. तोच वाण पुढे न्यायचा तर देठाच्या बुडाचा ताजा तुकडा लागतो.

विकत घेताना

खोक्यावर तीन गोष्टी छापलेल्या असाव्यात: प्रजातीचं नाव, फळधारणेचं (छत्र्या येण्याचं) तापमान आणि बॅग भरल्याची तारीख. नुसतं 'ऑयस्टर मशरूम' लिहिलेलं किट टाळावं, कारण ऑयस्टर नावाखाली बऱ्याच वेगळ्या स्वभावाच्या प्रजाती विकल्या जातात. निळसर-करडी प्ल्युरोटस ऑस्ट्रिएटस थंडाव्यात, साधारण १० ते १८ अंशांत, उत्तम येते. गुलाबी प्ल्युरोटस जॅमोर २० ते ३० अंशांत. पिवळी प्ल्युरोटस सिट्रिनोपिलिएटसही उबेतली. २८ अंशांच्या खोलीत करड्या जातीचं किट ठेवलं तर महिनाभर पाणी मारूनही हाती काही लागणार नाही, आणि दोष मात्र बॅगेवर जाईल.

'अमुक तारखेपर्यंत वापरा' यापेक्षा भरल्याची तारीख महत्त्वाची. ताजा ब्लॉक हाताला जड, घट्ट आणि दाबल्यावर किंचित उसळी देणारा लागतो, आणि सगळीकडे एकसारखा पांढरा दिसतो. जुना ब्लॉक आकसून प्लास्टिकपासून सुटतो, तळाशी पिवळट-तपकिरी पाणी साचतं आणि आतच वेडेवाकडे कोंब फुटलेले दिसतात. थोडंसं पिवळं पाणी म्हणजे नासणं नव्हे. कवक स्वतःच तसा स्राव सोडतं. पण आंबट किंवा सडका वास आला तर ते जिवाणूंचं काम. हिरवा, काळा किंवा केशरी ठिपका दिसला तर बॅग न उघडता बदलून घ्यावी.

लगेच लावायचं नसेल तर करड्या जातीचा ब्लॉक फ्रिजमध्ये २ ते ४ अंशांवर काही आठवडे राहतो. गुलाबी जातीचा ठेवू नये. तिचं मायसेलियम त्या थंडीत मरतं. ही एक ओळ बहुतेक खोक्यांवर नसते आणि ती असायलाच हवी.

चीर, हवा, पाणी

आधी बॅगेतली मोकळी हवा दाबून काढा, वरचा भाग मागे दुमडून चिकटपट्टीने घट्ट बंद करा. ही पायरी पत्रकात क्वचितच असते, पण ती सोडली की प्लास्टिक आणि ब्लॉक यांच्यामधल्या पोकळीत दमट हवा साचते आणि कोंब चिरेतून बाहेर येण्याऐवजी आतच फुटून सडतात. मग स्वच्छ धारदार पात्याने एका बाजूला ५ ते ७ सेंटिमीटरची फुलीसारखी चीर द्या. दोन किलोच्या ब्लॉकला एक चीर पुरते, फार तर दोन. चारी बाजूंनी कापलं की जास्त पीक येतं असं वाटतं, पण होतं उलट: ब्लॉक लवकर सुकतो आणि जोर विखुरला जाऊन चिमुकली, पातळ छत्र्यांची फळं येतात.

चीर दिल्यावर कवकाला चार इशारे मिळतात: ऑक्सिजन वाढला, कार्बन डायऑक्साइड घटला, उजेड दिसला आणि पृष्ठभागावरून पाणी उडू लागलं. लाकडाच्या आत वाढणाऱ्या जीवाला याचा अर्थ एकच, 'साल फुटली, बाहेर पोचलो.' तिथे ते छत्री बांधायला घेतं. १८ ते २२ अंशांत पाच ते दहा दिवसांत चिरेपाशी टाचणीच्या डोक्याएवढे पुंजके दिसतात. हे पिनहेड.

उजेड अंगावर थेट ऊन न येता सहज वाचता येईल इतका हवा. अंधारात धिंगरी फिकी आणि लांबुडकी येते, उन्हात सुकते.

हवेचं गणित जरा सविस्तर पाहू. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत ४२० च्या थोडा वर असतो. धिंगरीला छत्री नीट उघडण्यासाठी तो १००० च्या खाली लागतो. माणसं झोपलेल्या बंद खोलीत पहाटेपर्यंत तो १५०० च्या पुढे सहज जातो, आणि ब्लॉकही स्वतःच्या श्वासाने त्यात भर घालतो. परिणाम डोळ्यांना लगेच दिसतो: देठ लांब, छत्री नाण्याएवढी, काही वेळा सगळा झुपका पोवळ्यासारखा फांद्याफांद्यांचा. देठाच्या बुडाशी पांढरी लव आली तरी कारण तेच. ती बुरशी लागलेली नसते, हवा कोंदल्याचं ते लक्षण असतं. उपाय म्हणजे खिडकीच्या जवळची, पण झोताच्या वाटेत नसलेली जागा.

आता दुसरी बाजू. पिनहेडला ८५ ते ९५ टक्के आर्द्रता लागते, घरातली हवा मात्र बरेचदा ४० ते ६० टक्क्यांवर असते. पिनहेडमध्ये पुढच्या छत्रीचा आराखडा लहान स्वरूपात तयारच असतो. नंतरची झपाट्याची वाढ मुख्यतः पेशींनी पाणी ओढून फुगण्याची असते, आणि तयार अळिंबीत नव्वद टक्के पाणीच असतं. त्यामुळे या टप्प्यावर एक दुपार जरी कोरडी गेली तरी कोवळे पिनहेड पिवळे पडून सुकतात, आणि एकदा सुकलेले पुन्हा उठत नाहीत.

इथे सोबतच्या फवाऱ्याची मर्यादा कळते. बहुतेक बाटल्यांचं तोंड जाड थेंब टाकतं. दिवसातून दोनदा जाड फवारा मारल्याने आर्द्रता दहा मिनिटं वाढते आणि थेंब मात्र छत्रीवर तासन् तास बसतात. त्या थेंबांत स्यूडोमोनास टोलासी हा जिवाणू वाढतो आणि छत्रीवर तपकिरी, चिकट डाग पडतात. नियम सोपा: फवारलेलं पाणी दोन-तीन तासांत वाळलं पाहिजे. वाळत नसेल तर हवा कमी आहे, पाणी कमी नव्हे.

खोक्यात नसलेली पण हमखास उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा सैल तंबू. मोठ्या पिशवीला बोटभर रुंदीची आठ-दहा भोकं पाडा, ब्लॉकभोवती दोन-तीन काड्या उभ्या करून ती वरून टाका, खालची बाजू उघडी ठेवा. फवारा तंबूच्या आतल्या भिंतींवर मारा, पिनहेडवर नाही. दिवसातून तीनदा तंबू उचलून पुठ्ठ्याने वारा घाला. आर्द्रतामापक ठेवलात तर अंदाजपंचे कारभार थांबतो. पाणी नळाचं चालतं. 'फक्त बाटलीबंद शुद्ध पाणी वापरा' ही सूचना निव्वळ भीती घालणारी आहे.

पिनहेड आल्यावर बॅग फिरवू नका. छत्रीखालची पाती सरळ उभी लटकली तरच त्यांच्यामधून बीजाणू खाली पडू शकतात, म्हणून वाढणारी छत्री गुरुत्वाकर्षणाचा अंदाज घेत स्वतःला सावरत असते. मधेच बॅग आडवी केली की सगळा झुपका वळायला लागतो आणि आकार बिघडतो.

चौदा दिवसांत काहीच आलं नाही तर क्रमाने तपासा: तापमान त्या प्रजातीला साजेसं आहे का, चिरेपाशी पृष्ठभाग सुकून कातड्यासारखा झाला आहे का, खोलीत उजेड आहे का. सुकलेला थर खरवडून ब्लॉक चार-सहा तास थंड पाण्यात बुडवला की बहुतेक वेळा काम होतं. करड्या जातीला त्याआधी एक रात्र फ्रिजमध्ये ठेवल्यास आणखी चालना मिळते.

हिरवा डाग दिसला तर

ही ट्रायकोडर्मा नावाची बुरशी. सुरुवातीला तीही पांढरीच असते, त्यामुळे ओळखू येत नाही. दोन-तीन दिवसांत बीजाणू धरले की पोपटी हिरवी होते. ती नुसती शेजारी वाढत नाही. धिंगरीच्या तंतूंवर हल्ला करून तिचं अन्न बळकावते. पहिल्या काढणीआधीच हिरवा डाग पसरत असेल तर ब्लॉक हरला. तो घरात उघडू नका, खरवडू नका. पिशवीत बांधून बाहेर काढा. पहिल्या-दुसऱ्या बहरानंतर (एका वेळी येणारं पीक म्हणजे एक बहर) चिरेपाशी नखाएवढा हिरवा ठिपका आला तर तो अपेक्षित आहे. देठाचे कुजके अवशेष काढले नाहीत की तिथूनच तो सुरू होतो.

दुसरा त्रास बारीक काळ्या माश्यांचा. कुंड्यांतल्या ओल्या मातीत त्या आधीपासूनच असतात. त्यांच्या अळ्या मायसेलियम आणि देठ पोखरतात. किट कुंड्यांच्या शेजारी सजवून ठेवलेलं खोक्यावरच्या चित्रात फार छान दिसतं, प्रत्यक्षात तीच सगळ्यात वाईट जागा. पिवळे चिकट सापळे लावा आणि अंतर ठेवा.

काढणी, आणि खोक्यावरचे दावे

पिनहेड दिसल्यापासून झुपका रोज जवळपास दुप्पट होतो आणि चार ते सहा दिवसांत काढणीला येतो. सगळ्यात मोठ्या छत्रीची कड अजून थोडी खाली वळलेली असताना, ती सपाट व्हायच्या आत, पूर्ण झुपका बुडापाशी धरून पिळून काढा. एकेक छत्री कापत बसू नका. मागे राहिलेलं बूड सडतं. पत्रकं 'हाताच्या तळव्याएवढी झाली की काढा' असं सांगतात, पण आकार हा निकषच नव्हे. कोरड्या खोलीत छत्री लहान असतानाच पिकते.

उशीर केल्यास चव तर जातेच, शिवाय बीजाणू पडू लागतात. धिंगरी त्या बाबतीत भलतीच उदार. पिकलेला झुपका कोट्यवधी बीजाणू सोडतो आणि खालच्या फळीवर पांढुरकी भुकटी साचते. बंद जागेत रोज ती श्वासात गेल्याने अळिंबी कामगारांना फुप्फुसाचा ॲलर्जिक दाह होतो, हे जुनं आणि नोंदलेलं दुखणं आहे. एका किटने ते होणार नाही. पण दमा असलेल्या माणसाच्या झोपायच्या खोलीत किट ठेवू नये, आणि कड सपाट व्हायची वाट पाहू नये. बीजाणू जवळजवळ न धरणारे वाणही तयार झाले आहेत. घरगुती किटसाठी उत्पादकांनी तेच वापरायला हवेत.

आता उत्पन्न. धंद्यात याचं माप ठरलेलं आहे, जैविक कार्यक्षमता: ओल्या अळिंबीचं वजन भागिले माध्यमाचं कोरडं वजन, गुणिले शंभर. दोन किलोच्या ब्लॉकमध्ये ६२ टक्के पाणी असेल तर कोरडा माल ७६० ग्रॅम. शंभर टक्के कार्यक्षमता म्हणजे सगळे बहर मिळून ७६० ग्रॅम अळिंबी, आणि ते नियंत्रित खोलीतलं काम. घरात ५० ते ७० टक्के धरा, म्हणजे ३८० ते ५३० ग्रॅम. त्यातला निम्म्याहून जास्त माल पहिल्याच बहरात येतो. तेव्हा 'दोन किलो बॅगेतून दोन किलो मशरूम' असं कुठे छापलेलं दिसलं तर तो २६० टक्क्यांचा दावा आहे, आणि तेवढ्यावरून विक्रेत्याची पारख करायला हरकत नाही.

दुसऱ्या बहरासाठी बूड आणि मृत पिनहेड साफ करा, आठवडाभर ब्लॉकला विश्रांती द्या, मग थंड पाण्यात सहा ते आठ तास वजन ठेवून बुडवा. आधी आणि नंतर काट्यावर तोला. दोन किलोच्या ब्लॉकमध्ये दीडशे-दोनशे ग्रॅम पाणी तरी परत शिरलं पाहिजे. नाही शिरलं तर चीर थोडी वाढवा. तिसरा बहर येतो, पण मूठभर. पाणी परत देता येतं, संपलेलं नत्र देता येत नाही, आणि दरम्यान ब्लॉकच्या कोरड्या वजनाचा मोठा हिस्सा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेलेला असतो. 'चार ते पाच बहर' हे आश्वासन कागदावर खरं आणि ताटात नगण्य.

काढलेली धिंगरी कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस टिकते. हवाबंद प्लास्टिकमध्ये तिला घाम फुटतो. कच्ची खाऊ नये. कायटिन पचायला जड, आणि धिंगरीतली काही विषारी प्रथिनं उष्णतेनेच निकामी होतात. 'ड जीवनसत्त्वाने भरपूर' हा दावा अर्धा खरा आहे. कवकाच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असतं आणि अतिनील किरण पडले की त्याचं ड-२ होतं. खोलीत उगवलेल्या अळिंबीत ते फार नसतं. काढल्यावर पाती वर करून अर्धा-पाऊण तास भर उन्हात ठेवली तर वाढतं.

शैक्षणिक किटमधला जादा माल

भित्तिपत्रक, बीजाणू-ठशाचे कागद आणि खेळण्यातला सूक्ष्मदर्शक असं काही किटमध्ये जोडलेलं असतं. ठशाचा कागद उपयोगाचा, विशेषतः अर्धा काळा अर्धा पांढरा असेल तर. छत्री पाती खाली करून ठेवा, वर वाटी उपडी घाला, सहा ते बारा तासांत पांढुरक्या, कधी किंचित जांभळट झाक असलेल्या रेषा उमटतात. सूक्ष्मदर्शक मात्र पैसे वाढवण्यापुरता. धिंगरीचा बीजाणू ८ ते १२ मायक्रोमीटर लांब आणि ३ ते ४ रुंद असतो. त्याचा लांबट आकार नीट दिसायला चारशे पट वर्धन हवं. शंभर पटीच्या खेळण्यात नुसते ठिपके दिसतात आणि मुलं दोन मिनिटांत कंटाळतात.

भित्तिपत्रकावर हटकून येणारी चूक म्हणजे धिंगरीच्या चित्राशेजारी 'झाडांच्या मुळांशी सहजीवन' हा मजकूर. मुळांशी सहजीवन करणारी कवकं वेगळी. त्या जोडीला मायकोरायझा हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ साली दिलं. बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांवर अशी कवकं असतात आणि ती जमिनीतलं फॉस्फरस, नत्र व पाणी झाडाला पुरवून त्याच्याकडून साखर घेतात. धिंगरी मेलेलं लाकूड कुजवणारी. हा फरक केवळ पुस्तकी नाही. ट्रफल आणि शँटरेल या जातींची कवकं सहजीवी असल्यामुळे भुशाच्या बॅगेत त्यांचं पीक येत नाही. ट्रफलसाठी कवक लावलेली रोपं मिळतात आणि वर्षानुवर्षं थांबावं लागतं. कोणी 'ट्रफल किट, सहा आठवड्यांत' विकत असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

आणि जे छापायला हवं ते राहून जातं. धिंगरी शिकारी आहे. लाकडात नत्र फार कमी, म्हणून तिच्या तंतूंवर विषाच्या सूक्ष्म कुप्या असतात. सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा सूक्ष्म जंत, त्यांना घासला की तो लुळा पडतो आणि तंतू त्याच्या शरीरात शिरून त्याला पचवतात. हे १९८४ साली नोंदवलं गेलं, आणि त्या कुप्यांतलं विष ३-ऑक्टॅनोन असल्याचं २०२३ साली दाखवण्यात आलं. दहा वर्षांच्या मुलाला मशरूममध्ये गोडी लावायला यापेक्षा चांगला मजकूर मिळणार नाही.

एका मुद्द्यावर पत्रकांना पैकीच्या पैकी उणे गुण. 'आता जंगलातली धिंगरीही ओळखा!' किटवरून जंगलातली ओळख शिकता येत नाही. जपानमध्ये २००४ साली धिंगरीसारख्याच पांढऱ्या, लाकडावर येणाऱ्या आणि तोवर खाण्यायोग्य मानल्या गेलेल्या एका प्रजातीने मृत्यू झाले, त्यांत मूत्रपिंडाचे रुग्ण बरेच होते. ॲमानिटा फॅलॉइड्स या जंगली विषारी अळिंबीचं विष शिजवूनही जात नाही आणि लक्षणं दिसायला सहा ते बारा तास, काही वेळा त्याहूनही जास्त लागतात. तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. आतली प्रजाती ठाऊक असणं हीच किटची मोठी जमेची बाजू. तिचा असा उलटा उपयोग करू नये.

इतर किट

बटनचं किट नवशिक्यांना देऊ नये असं स्पष्ट मत आहे. ते भुशावर नाही, कंपोस्टवर येतं. वर तीन-चार सेंटिमीटर केसिंगचा, म्हणजे मातीसारख्या आच्छादनाचा, थर लागतो, बहुधा पीट (दलदलीतला कुजका पालापाचोळा) आणि चुना. तो थर नुसता ओलावा धरत नाही, त्यातले जिवाणू फळधारणा अडवणारे वायुरूप पदार्थ खाऊन टाकतात, म्हणून केसिंग निर्जंतुक केल्यास पीक घटतं. फळधारणेला १६ ते १८ अंश सलग लागतात. उजेड नसला तरी चालतो. खोली सतत २२ अंशांच्या वर राहत असेल तर हे किट घेऊच नका.

शिटाकेचा ब्लॉक तपकिरी, खवल्यांच्या सालीचा येतो आणि बरेच जण तो सडला म्हणून फेकतात. ती सालच त्याची परिपक्वतेची खूण. त्याला चीर द्यायची नसते. बॅग पूर्ण काढून बारा ते चोवीस तास थंड पाण्यात बुडवायचं. दोन बहरांत दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. सवड असलेल्यांसाठी चांगलं.

स्वतः काड भरायचं किट कष्टाचं, पण वजनाला सगळ्यात जास्त माल देणारं. एक किलो कोरडा काड तीन ते पाच सेंटिमीटर कापून रात्रभर भिजवा, मग ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात तास-दीड तास ठेवा. तापमापक लागतोच. उकळू नका. या तापमानाला बुरशा मरतात, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू उरतात आणि तेच पुढे काडाची राखण करतात. पूर्ण निर्जंतुक काड उघड्या स्वयंपाकघरात जो पहिला बीजाणू पडेल त्याचा होतो. निथळल्यावर वजन पावणेतीन किलोच्या आसपास यावं, आणि मूठ दाबली तर एक-दोन थेंबच गळावेत. धार लागली तर अजून निथळू द्या, कारण ओल्या काडात तळाशी हवा उरत नाही आणि आंबट कुज सुरू होते. सव्वाशे ग्रॅम स्पॉन थराथराने, कडेला जास्त टाकून भरा, दहा-दहा सेंटिमीटरवर भोकं पाडा, २० ते २५ अंशांत पंधरा ते वीस दिवस ठेवा. बॅगेचा गाभा स्वतःच्या श्वासाने खोलीपेक्षा काही अंश गरम असतो, म्हणून बॅगा एकमेकींना चिकटवून रचू नका. गाभा ३५ अंशांवर गेला की मायसेलियम मरायला लागतं आणि आतून हिरवं येतं.

कोणत्याही किटमधला संपलेला ब्लॉक प्लास्टिक काढून, फोडून कंपोस्टमध्ये किंवा वाफ्यात घालता येतो. लिग्निन मोडलेला असल्याने तो लवकर माती होतो. अपवाद पिवळ्या धिंगरीचा. ती मूळची पूर्व आशियातली. उत्तर अमेरिकेत लागवडीतून निसटून तिथल्या जंगलांत ती झपाट्याने पसरली आहे. जिथे ती मुळात नाही तिथे तिचा ब्लॉक उघड्यावर टाकण्याआधी उकळत्या पाण्यात तासभर बुडवून मारावा. एकाही खोक्यावर ही सूचना ठळक अक्षरांत दिसत नाही.